कामावर हजर व्हावे

चिंचवड,
मंगळवार, ता. ११ जून १९५७

तीर्थरूप सुमनताईस,

मारुतीचा साष्टांग नमस्कार. ‘इकडे सर्व खुशाल’ हे वाक्य मी एरवी न बघताच लिहून टाकतो. आज लिहिताना हात थांबला, कारण आमचं घर सोडलं तर आसपास कोणीच खुशाल नाही. मुंबईकडून तापाची साथ आली आहे. आधी दापोडीच्या चाळी आजारी पडल्या, मग पिंपरीचा निर्वासितांचा कॅम्प, आणि आता चिंचवडात घरटी एक तरी माणूस घोंगडी घेऊन कण्हतोय. इन्फ्लुएंझा म्हणतात तिला. आमच्या इस्पितळातल्या आयांनी तिचं नाव ‘फुलंजा’ करून टाकलंय. तेच बरं वाटतं तोंडात.

पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघाल्यापासून इथल्या लोकांना वाटायला लागलंय की आपल्याला ताप शिवणारच नाही. जो येतो तो सुई मागतो. हा ताप त्या सुईला दाद देत नाही हे सांगून सांगून डॉक्टरांचा घसा बसला. आमचं इस्पितळ चाळीस खाटांचं, आज त्यात ब्याऐंशी माणसं आहेत. व्हरांड्यात चटया टाकल्या आहेत आणि माझ्या टेबलापर्यंत पाय लांब केलेले पेशंट आहेत. फाइल काढायची तर उडी मारून जावं लागतं.

पण खरी पंचाईत नोकरांची. दोन वॉर्डबॉय गेल्या आठवड्यात न सांगता गावाला पळाले. धोबी म्हणाला, चादरींना हात लावणार नाही. कोणी म्हणतं ताप हवेतून येतो, कोणी म्हणतं विहिरीतून. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं. म्हणाले, “मारुतराव, काय चाललंय ते माणसाला कळलं की तो टिकतो. पुण्याहून जे कागद येतील ते या लोकांना रोज त्यांच्या भाषेत सांगत चला. नर्सेस इंग्रजी वाचतात, त्यांची चिंता नाही. बाकीचे तुमच्याकडे.” ताई, अठरा वर्षं कारकुनी केली, त्यातली अकरा देहूरोडच्या लष्करी डेपोत, पण असं कोणी माझ्यावर सोपवलं नव्हतं.

मग मी एक पद्धत घालून दिली. रोज सकाळी सात वाजता स्टोअरच्या पायरीवर मी उभा राहतो. समोर आया, वॉर्डबॉय, झाडूवाले, स्वयंपाकी. दिवसाचा कागद मोठ्यानं वाचतो. मग एकेकाचं नाव घेतो, ज्याचं नाव घेतलं तो म्हणतो, “ऐकलं,” आणि मी वहीत त्याच्या नावापुढं खूण करतो. म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको, आम्हाला कोणी सांगितलं नाही. कागद नंतर फळ्यावर लावतो. दहा वाजता सगळ्यांना हळद घालून दूध मिळतं, तेही मीच मंजूर करून घेतलं. घरी कौशल्यानं तोंडाला बांधायच्या साठ पट्ट्या शिवून दिल्या. माझी दोन धोतरं त्यात गेली, पण तक्रार नाही.

तू धाडलेली भागूबाई आया म्हणून चांगली रुळली आहे. तुझ्या शाळेत पाणी भरणारी बाई इस्पितळात काय करील, अशी शंका मीच काढली होती, ती मागे घेतो. बाळंतिणींच्या वॉर्डात तिच्यावाचून पान हलत नाही. मेट्रन दुर्गाबाई कोणाचं कौतुक करत नाहीत, त्यासुद्धा तिला नावानं हाक मारतात. दर गुरुवारी ती आमच्याकडे जेवायला असते, धाकटीला भुईमुगाच्या शेंगा आणून देते, त्यामुळे घरात माझ्यापेक्षा तिचीच वाट जास्त पाहतात.

कालची गंमत सांगतो. कालचा कागद इंग्रजीत होता, मीच त्याचं मराठी केलं. चांगलं खणखणीत झालं. ‘ज्या नोकरास ताप, अंगदुखी अथवा खोकला होईल, त्याने विनाविलंब कामावर हजर व्हावे. कसूर करणाऱ्यावर कारवाई होईल.’ वाचून झालं. तेवढ्यात भागूबाई मागून विचारते, “भाऊसाहेब, ताप असंल तरी यायचं व्हय?” म्हटलं, “हो, यायचं! लढाईत शिपायाला ताप आला तर तो बंदूक ठेवून घरी जातो का?” सगळे हसले. भागूबाई पदर खोचून म्हणाली, “ऐकलं.”

दाजींना नमस्कार. मुलींना शाळेत गर्दीत बसवू नकोस.

तुझा
मारुती
(ज्याला हल्ली मोठे डॉक्टर ‘या, बसा’ म्हणतात)


चिंचवड,
सोमवार, ता. १ जुलै १९५७

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. तुझी दोन पत्रं आली. उत्तर द्यायला उशीर झाला. कामाचा ताण आहे, शिवाय मध्यंतरी कौशल्याला चार दिवस ताप होता. आता उठली. मोठ्याला नवीन शाळेत घातलं. धाकटीचे दोन दात पडले. साथ ओसरायला लागली आहे, व्हरांड्यातल्या चटया उचलल्या. धोबीसुद्धा वळणावर आला.

भागूबाईबद्दल तू विचारलंस. तिची तब्येत ठीक आहे. तिलाही ताप आला होता, त्यातून ती बरी झाली. आता ती गावीच आहे. इस्पितळात काही गैरसमज झाले, त्याची चौकशी झाली, आणि चौकशीत जे निघालं त्याप्रमाणे झालं. चौकशी तीन माणसांची होती, मी त्यात नव्हतो. कारकुनाला तिथं काय मत असणार? मागतील तो कागद पुढं करायचा.

तू लिहितेस, “भागू काही बोलत नाही, नुसती ओसरीवर बसून असते, तुझ्याकडे काय झालं ते सविस्तर लिही.” ताई, तू मास्तरीण आहेस हे मान्य, पण दर पत्रात माझा पेपर तपासू नकोस. सविस्तर लिहिण्यासारखं काही नाही. ती आजारातून उठली आहे, तिच्याशी त्या विषयावर फार बोलू नकोस. तिलाही त्रास आणि तुलाही.

शाळेत तिला पुन्हा पाणी भरायचं काम मिळालं तर बघ. तू सांगितलंस तर हेडमास्तर ऐकतील.

सकाळचं वाचन मी सध्या बंद ठेवलं आहे. घसा बरा नसतो. ज्योतीराम म्हणून आमचा जुना वॉर्डबॉय आहे, पन्नाशीचा, थोडंफार वाचतो, तो जोडाक्षरांवर अडखळत वाचतो. चालतं.

बाकी विशेष काही नाही.

तुझा
मारुती


चिंचवड,
रविवार, ता. १४ जुलै १९५७

ताई,

तुझं पत्र आलं. आज मायना वगैरे जमणार नाही.

तू लिहिलंस की गावच्या बायका भागूबाईला पाणवठ्यावर बाजूला उभं करतात, त्यांचे हंडे भरून झाले की मग तिला पुढं येऊ देतात. ‘बाळंतिणीला खाऊन आली’ असं तिच्या तोंडावर म्हणतात. हेडमास्तरांनीही काम दिलं नाही, मुलींचे आईबाप काय म्हणतील म्हणून. हे वाचून मला वाईट वाटलं, पण वाईट वाटण्यावर निभावलं असतं. पुढं तू लिहिलंस की शेवटी खूप खोदून विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, “भाऊसाहेबास्नी काई इचारू नगा, ताई. त्येंची पोरं ल्हान हायेत.” तिथं मात्र माझं सगळं अवसान गळालं. मी समजत होतो की तिला कळलेलंच नाही.

तर आता लिहितो. मधे थांबलो तर पुन्हा लिहिणं होणार नाही, म्हणून खाडाखोडीकडे बघू नकोस.

चूक झाली... असं लिहिलं की ती आपल्या पायानं चालत आल्यासारखी वाटते. मी चूक केली. त्या इंग्रजी कागदात लिहिलं होतं की स्टाफपैकी कोणाला ताप आल्यास त्यानं ताबडतोब मेडिकल ऑफिसरला ‘रिपोर्ट’ करावं. म्हणजे कळवावं, म्हणजे त्याला घरी पाठवता येईल. मी ‘रिपोर्ट’चं केलं ‘कामावर हजर व्हावे’. डेपोत अकरा वर्षं मी रिपोर्ट शब्द एकाच अर्थानं पाहिला होता. बदली झाली, अमक्या तारखेला अमक्या साहेबाकडे रिपोर्ट करा, म्हणजे हजर व्हा. मेडिकल ऑफिसर हा शब्दसुद्धा मी वगळला, कारण त्यानं वाक्य लांबत होतं. वर शिपायाच्या बंदुकीचं भाषण दिलं. ते तर कोणत्याच कागदात नव्हतं, ते माझं होतं.

इथवरचं मी कोणालाही सांगू शकलो असतो. माणसाचं इंग्रजी चुकतं.

गुरुवारी, म्हणजे तेरा तारखेला, मेट्रन दुर्गाबाई माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, “मारुतराव, ताप आल्याचं एकानंही रिपोर्ट केलं नाही. एवढी माणसं, कमाल आहे!” त्या गेल्या, आणि त्यांचा तो ‘रिपोर्ट’ मला खटकला. फाइल काढून कागद परत वाचला. सरळ इंग्रजी होतं, मॅट्रिकच्या मुलाला कळावं असं. मी ठरवलं की उद्या सकाळी वाचनाच्या वेळी दुरुस्त करायचं. वाक्यसुद्धा तयार केलं.

शुक्रवारी सकाळी मी पायरीवर उभा राहायला आणि मोठे डॉक्टर तिथं यायला एकच गाठ पडली. सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “पुण्याच्या इस्पितळांत निम्मे लोक घरी बसलेत. आपल्याकडे एक गैरहजर नाही. हे मारुतरावांचं काम.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत स्वयंपाक्याचे डोळे तापानं लाल झालेले मला दिसत होते. ताई, मला दिसत होते. मी खिशातला कागद खिशातच ठेवला आणि हात धुण्याबद्दलची जुनी सूचना पुन्हा वाचली.

शनिवारी भागूबाईला ताप भरला. शुक्रवारी मी बोललो असतो तर ती शनिवारी घरी राहिली असती. यात दुसरा काही हिशेब नाही, मी सगळ्या बाजूंनी करून पाहिला. शनिवार, रविवार, सोमवार ती ताप घेऊन बाळंतिणींच्या वॉर्डात राबली. तोंडाला कौशल्याची पट्टी होती, पण खोकल्यानं ती भिजून जायची. मंगळवारी ती पाण्याची बादली घेऊन पडली. तोवर सहा बाळंतिणींना ताप चढला होता. पाच उठल्या. यशोदा नावाची एकवीस वर्षांची पोर, गेनबा म्हणून कारखान्यातल्या एका मजुराची बायको, चोवीस तारखेला गेली. तिचं पोरगं वाचलं. आजीकडे आहे.

गेनबाच्या भावकीनं आरडाओरडा केला, आजारी आया वॉर्डात ठेवलीच कशी म्हणून. चौकशी बसली. आदल्या दिवशी मी काय केलं ते सांगतो, आणि हे सांगताना मला तुझ्यासमोर बसलोय असं वाटतं, मान वर होत नाही. फळ्यावरचा माझा कागद मी काढला, चुलीत घातला. दुसरा लिहिला, शुद्ध आणि बरोबर: ‘ज्यास ताप येईल त्याने घरी थांबून मेडिकल ऑफिसरांस कळवावे.’ त्यावर दहा जूनची तारीख टाकली आणि तोच फळ्यावर लावला.

चौकशीत भागूबाईला विचारलं, ताप असताना का आलीस? ती म्हणाली, “भाऊसाहेबांनी वाचून दाखिवलं व्हतं, ताप आला तरी हजर व्हायाचं.” मग मला बोलावलं. मी नवा कागद पुढं केला, आणि वही पुढं केली. वहीत दहा तारखेला तिच्या नावापुढं खूण होती, ऐकलं म्हणून. चौकशीच्या मुख्य साहेबांनी विचारलं, “मारुतराव, हेच वाचलं होतंत?”

मी म्हणालो, “होय साहेब, हेच.”

भागूबाईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी परका असल्यासारखं, नीट न्याहाळून पाहिलं. मग साहेबांकडे वळून म्हणाली, “मग माझंच ऐकन्यात चुकलं असंल, सायेब. म्या अडानी बाई.” तिनं स्वतः उभं राहून प्रश्न विचारला होता, ताप असंल तरी यायचं व्हय म्हणून. पंचवीस माणसांनी माझं उत्तर ऐकलं होतं. त्यांच्यापैकी कोणी बोललं नाही. त्यांच्या रजा आणि पाळ्या माझ्या हातात आहेत, कोण बोलणार? ज्योतीरामला बोलावलं तर त्यानं आठवत नाही म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर तो माझ्या कानाशी म्हणाला, “राव, पैला कागद म्या वाचला व्हता,” आणि निघून गेला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही.

तिला काढून टाकलं. ‘सूचना समजूनही निष्काळजीपणा केला’ असा शेरा मारला. तो शेरा माझ्या अक्षरात आहे, कारण हुकूम लिहायचं काम माझं.

आता तुला कळलं की घसा कशानं बसला.

तिला माझं खोटं कळलं नाही असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होतो. तीच म्हणाली ना ऐकण्यात चुकलं, मग झालं, असं. तुझ्या पत्रानं ती सोयही गेली. तिनं समजून उमजून ते माझ्यासाठी अंगावर घेतलं, आणि मी ते घेऊ दिलं. मला माझीच शिसारी येते, ताई. कौशल्याला अजून सांगितलेलं नाही. ती विचारते जेवण का जात नाही, मी म्हणतो पित्त झालंय.

तू मला शिव्या दे. पण त्याआधी एक काम कर. भागूबाईला सांग, मारुती उद्या, सोमवारी, सकाळी सात वाजता सगळ्यांसमोर बोलणार आहे. तुला सांगितलं की मला मागं फिरता येणार नाही, म्हणून सांगतो. माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही.

मारुती


चिंचवड,
शनिवार, ता. २० जुलै १९५७

ताई, हे पत्र भागूबाईंसाठी आहे. त्यांना वाचून दाखव. त्या हो म्हणाल्या तर ओसरीवर, ज्या बायका त्यांना पाणवठ्यावर बाजूला करतात त्यांना बोलावून दाखव. त्या नको म्हणाल्या तर दोघीच आत बसा. माझं काही सौम्य करू नकोस, जसं आहे तसं वाच.

भागूबाई यांस,

मारुतरावाचा नमस्कार. तुमचं ऐकण्यात काहीही चुकलं नव्हतं. मी तसंच वाचलं होतं. ताप असला तरी यायचं, असं मी म्हणालो. तुम्ही विचारलंत तेव्हा दुसऱ्यांदाही म्हणालो. तुम्ही आलात ते माझ्या सांगण्यावरून आलात. बाळंतिणींना जो ताप गेला तो माझ्या सूचनेमुळे गेला. नंतर मी कागद बदलला आणि साहेबांपुढं खोटं बोललो. यात तुमचा काडीचाही दोष नाही.

सोमवारी सकाळी मी हे सगळं पायरीवर उभा राहून सांगितलं. लिहून नेलं होतं, पण वाचता येईना, तेव्हा तसंच सांगितलं. सगळे होते. मोठ्या डॉक्टरांना मी आधीच निरोप पाठवून बोलावलं होतं. ‘ऐकलं’ म्हणवून घ्यायला मी कोणाचं नाव घेतलं नाही, खूण करायची वही बरोबर नेलीच नव्हती. स्वयंपाकी फक्त म्हणाला, “म्या बी तापात सैपाक केला, भाऊसाहेब,” आणि आत गेला.

मोठ्या डॉक्टरांनी मला खोलीत नेलं. बसा म्हणाले नाहीत. म्हणाले, “इंग्रजी चुकलं, ते मी तपासून घ्यायला हवं होतं, तो माझाही दोष. पण तुम्ही त्या बाईला तोंडावर खोटं पाडलंत.” मी होय म्हणालो. मला कामावरून दूर केलं आहे. पुढची चौकशी माझी आहे. काय होईल ते होईल, त्याची काळजी तुम्ही करू नका. तुम्ही माझी काळजी करता, हे मला ताईच्या पत्रातून कळलं, आणि ते मला सोसत नाही.

गेनबाच्या घरीही मी जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले होते, पत्र नको, स्वतः जा. तुमचं नाव घेऊन सांगितलं की त्या बाईकडे बोट दाखवू नका, मी आहे तो. त्याची आई पोराला मांडीवर घेऊन बसली होती. गेनबानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “माज्या मानसाला आता त्येचा काय उपेग?” मला वाटलं होतं तो मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यानं मला तांब्याभर पाणी दिलं आणि दाराकडं पाठ करून बसला.

या पत्राबरोबर इस्पितळाचा हुकूम आहे. तुम्हाला काढल्याचा हुकूम रद्द केला आहे, शेरा खोडला आहे, आणि तुमची जागा तुमचीच ठेवली आहे. खाली मोठ्या डॉक्टरांची सही आहे. हा हुकूम मी लिहिलेला नाही, दुर्गाबाईंनी लिहिला आहे, म्हणून निर्धास्त असा. ताई तो शब्द न् शब्द वाचून दाखवील. मग तुम्हाला यावंसं वाटलं तर या, न वाटलं तर येऊ नका. आलात तर पायरीवर मी दिसणार नाही. आता ज्योतीराम वाचतो, आणि वाचून झालं की ‘काय समजलं ते सांगा’ असं एकेकाला विचारतो. हे मला सुचायला हवं होतं.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्ही द्याल. तुमचा स्वभाव मी चौकशीच्या खोलीत पाहिला, आणि त्याचा एकदा फायदा घेऊन झाला आहे.

घरी कौशल्याला सांगितलं. ती म्हणाली, “भागूबाईंना मी दर गुरुवारी जेवायला वाढत होते, आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात.” मुलांनाही सांगितलं. बाहेरून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळावं म्हणून. मोठ्यानं मान खाली घातली. धाकटीला नीट समजेना. ती म्हणाली, “भागूमावशी खोटं बोलली का?” म्हटलं, “नाही बाळा, खोटं मी बोललो.” तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, “मग मावशीला का घालवलं?”

सहा वर्षांची आहे. तिला अजून उत्तर दिलेलं नाही. तुमच्यासमोर दिलं पाहिजे, म्हणून पुढच्या रविवारच्या एस.टी.नं मी तिला घेऊन गावी येतोय. दारात उभं करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमचा अपराधी,
मारुती